बिंदुमाधवांच्या श्वासाची मात्रा

मात्रा हा शब्द वैद्याला लागतो, गवयाला लागतो आणि छंद जाणणाऱ्यालाही लागतो. औषध तेच असते. मात्रा चुकली की ते विष होते. स्वर तोच असतो. मात्रा ढळली की गाणे विस्कटते. तरीही माणसांचे गुण आठवायला बसलो म्हणजे आपण विपुलतेच्या गुणांकडेच आधी वळतो. शौर्य, औदार्य, पांडित्य यांची वर्णने आपल्याला सहज सुचतात. ज्याला पुष्कळ मिळाले त्याने पुष्कळ दिले, याचे आपल्याला अप्रूप. एखाद्याच्या वाट्याला जगण्याचे मूळ द्रव्यच थोडे येते, ते थोडे आहे हे तो ओळखतो, आणि कोणाकडे गाऱ्हाणे न नेता ते जन्मभर पुरवतो. अशा माणसाला संस्कृतात मात्राज्ञ म्हणता येईल. मराठीत त्याला बहुधा भित्रा म्हणतात, किंवा आळशी.

बिंदुमाधवरावांना लोक या दोन्ही नावांनी ओळखत. त्यांच्या वाट्याला जे थोडे आले होते, तो होता श्वास.

बेंगळुरूत पिढ्यान्‌पिढ्या स्थिरावलेल्या एका देशस्थ घरात त्यांचा जन्म झाला, १९५५ च्या कार्तिकात. बसवनगुडीला त्या दिवसांत शेंगांची जत्रा भरते; कन्नडात तिला कडलेकाई परिषे म्हणतात. सातवा महिना चालू असलेली त्यांची आई थोरल्या मुलीला, पाच वर्षांच्या अंबूला, घेऊन जत्रेला गेली होती. गर्दीत अंबूने हात सोडला आणि ती एका पिपाणीवाल्याच्या मागे गेली. आई चढावरून धावली, हाका मारीत धावली. अंबू सापडली, पण दुसऱ्या दिवशी आईला कळा सुरू झाल्या आणि मूल वेळेच्या फार आधी जगात आले. सुपात कापूस पसरून त्यावर त्याला ठेवीत. खोलीत शेगडी अखंड असे, आणि ओवा व वावडिंग यांची धुरी दोन्ही वेळा दिली जाई. त्या घराला जेवढी माया ठाऊक होती तेवढी सगळी त्या धुरात होती. मूल जगले.

जगले, पण धावेना. खेळता खेळता मध्येच थांबे, गुडघ्यांवर हात टेकून वाकून उभे राही, आणि त्याचा श्वास दुरूनही ऐकू येई. घरात एक आत्याबाई होत्या. त्या हसत हसत म्हणायच्या, "अंबूनं आईला पळवलं, म्हणून पोर अर्धं आलं." हे वाक्य कोणी मनाला लावून घेत नसे; फक्त अंबू घेई. भाऊ धापा टाकू लागला की ती पांढरीफटक पडे आणि कोठीच्या खोलीत जाऊन रडत बसे. बिंदुमाधव सात-आठ वर्षांचा झाला तेव्हा त्याच्या एक गोष्ट ध्यानात आली. आपला श्वास थोड्या वेळाने परत येतो. अक्काचे रडणे मात्र पुष्कळ वेळ थांबत नाही. तेव्हापासून त्याने धाप लपवायला सुरुवात केली. एके दिवशी त्याने घरात सांगून टाकले, "आता मला दम लागत नाही." आत्याबाईंनी देवापुढे साखर ठेवली. अंबूने त्या दिवशी भावाला आपला लाडका काचेचा गोळा देऊन टाकला.

हे लपवणे ही पुढे त्यांची विद्याच झाली. चढ आला की त्यांच्या वहाणेचा अंगठा निसटे. भिंतीवरची सिनेमाची जाहिरात दिसली की ते ती तळटीपेसह वाचीत. बाजारात भाजी घ्यायची नसली तरी भाव विचारीत, आणि अक्का वैतागून म्हणे, "घ्यायचं नाही तर विचारतोस कशाला रे? बिचारी ती बाई उगीच तराजू उचलते." जिन्यापाशी आले की ते सर्वांना पुढे घालीत. "तुम्ही व्हा वर, मी दिवा बंद करून येतो," असे म्हणत. मग दिवा असो वा नसो.

शिक्षण झाल्यावर होसकोट्याला एका कारखान्याच्या बांधकामावर त्यांना चांगली जागा मिळाली होती. तिथे दिवसभर परांचीवरून वरखाली करावे लागे. काही आठवड्यांतच त्यांनी ती सोडली. कारण विचारले तेव्हा म्हणाले, "मला उंचीची भीती वाटते." नातलगांत पुष्कळ दिवस हसू झाले. त्यांचे चुलतभाऊ विश्वासराव आडदांड अंगाचे आणि मोठ्या आवाजाचे. पीण्या औद्योगिक क्षेत्रात त्यांची स्वतःची लहानशी लेथशाळा होती. ते चारचौघांत म्हणत, "आमचा बिंदू पाटावर बसला तरी खाली बघून घेतो, केवढं उंच आहे ते." अंबूबाईंनाही भावाचा राग आला होता. भ्याडपणा त्यांना सोसत नसे. बिंदुमाधवरावांनी तो राग मुकाट्याने घेतला. रडण्यापेक्षा तो त्यांना हलका वाटत असावा. पुढे पीण्यातच दुसऱ्या एका कारखान्यात आराखडे काढण्याचे काम त्यांना मिळाले. उंच तिवईवर बसून, रेघेला रेघ लावीत, त्यांनी उरलेले आयुष्य काढले. लग्न केले नाही. अंबूबाईंचे यजमान योगीराज यांच्या नोकरीत सारख्या बदल्या होत, म्हणून त्यांची एकुलती मुलगी धनलक्ष्मी राजाजीनगरला मामाच्याच घरी वाढली. तिला शाळेत पोचवताना मामा रस्त्यात फार वेळा थांबे. प्रत्येक थांब्याला तो तिला झाडाचे नाव सांगे. तिला बेंगळुरूची पुष्कळ झाडे ओळखता येत, ती अशी.

१९९४ साली पहिल्यांदा ते छातीच्या डॉक्टरांकडे गेले, तेही कोणाला न सांगता. डॉक्टरांनी त्यांना एका जागीच खिळलेल्या सायकलवर बसवले, नाकाला चिमटा लावला, तोंडात नळी दिली आणि पायडल मारायला लावले. थोड्याच वेळात त्यांना उतरवावे लागले. कागदावरच्या रेषा पाहून डॉक्टरांनी जो प्रश्न विचारला, तो आजवर त्यांना कोणीच विचारला नव्हता.

"तुमचा जन्म वेळेआधी झाला होता का?"

"सातव्या महिन्यात," बिंदुमाधवराव म्हणाले. "का?"

"फुप्फुसं पूर्ण घडायच्या आतच कामाला लागली. त्यांच्यातल्या वाटा अरुंद राहिल्या. तुम्ही बसलेले असता तेव्हा त्या पुरतात. श्रम झाले की आतली हवा पुरती बाहेर पडायच्या आधीच पुढचा श्वास घ्यावा लागतो. जुनी हवा साठत जाते, नवीला जागा उरत नाही. तुम्हाला वाटतं श्वास घेता येत नाही. अडचण असते ती सोडण्याची."

"म्हणजे दमाच ना?"

"मघाशी दम्याचं औषध देऊन पाहिलं. फरक थोडासाच पडला. खरं सांगू? तुमच्यासारखी मुलं पूर्वी फारशी वाचतच नसत. जी वाचली ती मोठी झाल्यावर त्यांचा श्वास मोजायला बसतं कोण? आम्हीही आत्ता कुठे शिकतो आहोत."

मग डॉक्टरांनी पथ्य सांगितले. रोज चालावे, पण थांबणे भाग पडायच्या आधी आपणहून थांबावे. दम लागला की बसावे, ओठ आवळून सावकाश, लांब फुंकर घालावी. जड ओझे घेऊन जिना चढू नये. "आणि घरातल्या एका माणसाला तरी हे सांगून ठेवा," ते म्हणाले. बिंदुमाधवरावांनी मान हलवली. पथ्य त्यांनी सगळे पाळले; शेवटचे तेवढे पाळले नाही. अक्काला कळले असते.

१९९७ च्या फाल्गुनात धनलक्ष्मीचे लग्न ठरले. नवरामुलगा अद्वैत पुण्याचा, संगणकाच्या नोकरीसाठी नुकताच बेंगळुरूला आलेला. या घराची एक रीत होती. वधू गौरीहरापाशी बसलेली असते, तिथून अंतरपाटापर्यंत मामाने तिला हातांवर उचलून आणायचे, आणि त्या वाटेत तिचे पाय जमिनीला लागू द्यायचे नाहीत. लागले तर लग्नाला दृष्ट लागते अशी समजूत होती. बोलणी करायला दोन्हीकडची मंडळी बसली असताना हा विषय निघाला.

अद्वैतची आई म्हणाली, "आमच्याकडे पुण्याला मामा नुसता हात धरून आणतो हो. तुम्ही सोयीनं बघा, आमचा काही आग्रह नाही."

"पुण्याच्या मुली येतात चालत," विश्वासराव म्हणाले. "आमच्या बेंगळुरूच्या पोरींना त्या दिवशी भुई ठाऊक नसते. बिंदूला जमत नसेल तर सरी, बरं, मी आहे की! मीपण मामाच. रोज लेथवर लोखंड चढवतो. ही धना म्हणजे स्वल्प चिवड्याची पुडी."

"मी चिवडा नाही, विश्वासमामा, आणि लोखंडही नाही," धनलक्ष्मी आतून म्हणाली. "मला बिंदूमामाच उचलणार. नाहीतर मी आपली चालत येते, आणि तुम्ही बसा शकुन बघत."

"चालत येते म्हणे! गप बैस," अंबूबाई म्हणाल्या आणि भावाकडे वळल्या. "आणि तू रे, बोल की काहीतरी. उंचीला भितोस तसा भाचीलाही भितोस का?"

सगळे हसले. पुण्याच्या बाईंनी जी वाट दाखवली होती, ती त्या हशात बुजून गेली. बिंदुमाधवराव म्हणाले, "उचलेन की, अक्का."

त्यांनी हे अविचाराने म्हटले नव्हते. दुसऱ्याच दिवशी ते राजाजीनगरातले कल्याणमंटप पाहून आले. मांडव वरच्या मजल्यावर होता, पण गौरीहराची खोलीही वरच, मांडवाला लागूनच होती. अंतर थोडे, जमीन सपाट. घरी तांदळाचे पोते दोन्ही हातांवर घेऊन ते माजघरातून ओसरीपर्यंत चालून पाहू लागले. पहिल्या दिवशी ओसरीच्या खांबाला टेकून त्यांना बराच वेळ उभे राहावे लागले. हळूहळू चालायची गती सापडली, आणि सपाटीवर तेवढे अंतर आपल्या श्वासात बसते याची त्यांना खात्री पटली. त्याहून अधिक ते मागत नव्हते.

लग्नाच्या सकाळी वरच्या मजल्यावर ग्रहमखाचा होम झाला. समिधा ओलसर होत्या. धूर मांडवातून निघाला आणि नेमका शेजारच्या त्या खोलीत कोंडला. वधूने तिथे बसणे अशक्य झाले. कृष्णाजीशास्त्री या घराचे पिढीजात पुरोहित, त्यांनी डोळे पुसत सांगितले, "गौरीहर खाली न्या, स्वयंपाकघराशेजारी. खोली स्वच्छ आहे." पाट, कलश, तांदळाच्या राशी सगळे खाली गेले. बिंदुमाधवरावही त्या धुरात उभे राहून सामान काढून देत होते. सगळे हलवून झाल्यावर ते जिन्याच्या तोंडाशी आले, आणि तो जिना त्यांनी तेव्हा जणू प्रथमच पाहिला. दगडी, उभा, मध्ये एक वळण असलेला. त्यांच्या छातीत सकाळचा धूर अजून होता.

विश्वासराव मागून आले. "काय बघतोस? उंची?" मग आवाज जरा उतरवून म्हणाले, "अरे, चेष्टा राहू दे. खालून वर न्यायची आहे आता. मी नेतो."

हो म्हणण्याइतका अवकाश तिथे होता. पण अंबूबाई हळदीकुंकवाचे तबक घेऊन शेजारूनच चालल्या होत्या. त्या थबकल्या आणि म्हणाल्या, "नको रे विश्वास. पोरीनं हट्टानं मामा मागितलाय. बिंदू, आज तरी धीर धर."

"धरतो," बिंदुमाधवराव म्हणाले.

मुहूर्त जवळ आला. वर अद्वैत पाटावर उभा राहिला. नादस्वर सुरू झाला. सोवळे नेसलेले, उपाशी असलेले बिंदुमाधवराव गौरीहरापाशी आले, वाकले आणि त्यांनी भाचीला दोन्ही हातांवर घेतले. शालू, दागिने, मुंडावळ्या. तांदळाच्या पोत्याला यातले काही नव्हते. तिने मामाच्या गळ्यात हात टाकला आणि कानाशी म्हणाली, "मामा, झाडं नाहीत हं इथे. थांबायचं नाही." तिने ते थट्टेनेच म्हटले होते.

पहिल्या काही पायऱ्या ते गतीत चढले. एक पायरी, एक लांब उच्छ्वास; पुन्हा पायरी. मागे विश्वासराव, त्यांच्यामागे अंबूबाई, मग अक्षता घेतलेल्या बायका. वरून वादकाने मंडळी येत आहेत हे पाहून लय वाढवली, आणि मागची गर्दी त्या लयीत पुढे रेटली. बिंदुमाधवरावांची गती तेवढ्याने मोडली. पुढचा श्वास वेळेआधी आला. त्याच्या पुढचा आणखी आधी. आतली हवा बाहेर पडेना, आणि छाती भरलेल्या पखालीसारखी ताठ झाली. भिंतीचा पांढरा रंग त्यांना पिवळा दिसू लागला. हातांतले वजन मात्र अजून घट्ट होते.

धनलक्ष्मीला मामाची छाती आपल्या कुशीशी जाणवत होती. लहानपणापासून ऐकलेला तो बारीक, शीळ घातल्यासारखा आवाज आता फार मोठा झाला होता. तिचे हसू गेले. "मामा, मला खाली ठेव," ती म्हणाली. "काही होत नाही. ठेव."

त्यांनी मान हलवली. बोलायला हवा नव्हती.

वळणाची सपाट जागा आली. विश्वासरावांना आता त्यांचा चेहरा दिसला आणि त्यांनी दोन्ही हात पुढे केले. "दे इकडे! बिंदू, दे! पाडशील तिला!"

बिंदुमाधवरावांसमोर तेव्हा तीन वाटा होत्या. भाचीला विश्वासरावांच्या हाती द्यावे. मग उद्यापर्यंत ही एक नवी गंमत होईल, भित्रा तो भित्रा, आणि अक्काला खरे कधीच कळणार नाही. नाहीतर दातांवर दात रोवून उरलेल्या पायऱ्या चढाव्यात, आणि वरच्या पायरीवर हात सुटले तर सुटले. हे दोन्ही त्यांना येत होते. जन्मभर त्यांनी यातलेच एकेक केले होते. तिसरे कधी केले नव्हते. ते वळणावर पाठ भिंतीला लावून सावकाश खाली बसले, पुढच्या पहिल्याच पायरीवर, वधूला मांडीवर घेऊन, सर्वांच्या देखत.

"बसला!" मागून एक बाई ओरडली. "अगं बाई, मामा बसला! पाय लागतील!"

शालूतून धनलक्ष्मीची पावले वळणाच्या फरशीकडे घसरत होती. विश्वासराव एवढा अजस्र माणूस. ते तिथल्या तिथे गुडघ्यांवर आले आणि त्यांनी आपल्या दोन्ही तळहातांवर भाचीची पावले झेलली. मागे वळून गर्दीवर गरजले, "मागे सरा! हवा येऊ द्या! आणि त्या वाजवणाऱ्याला कोणीतरी सांगा, स्वल्प गप बस म्हणावं!"

नादस्वर थांबला. मग त्या जिन्यात एकच आवाज उरला. ओठ आवळून घातलेली लांब, कापरी फुंकर, मग घाईचा, अपुरा श्वास, पुन्हा फुंकर.

अंबूबाई गर्दीतून पुढे आल्या. भावाचा काळानिळा चेहरा त्यांनी पाहिला, आणि लहानपणच्या अंबूसारख्या त्या पांढऱ्याफटक पडल्या. "बिंदू, काय होतंय? छातीत दुखतंय का? कोणीतरी गाडी बघा..."

त्यांनी हात वर करून बहिणीला थांबवले. दोन फुंकरींच्या मधल्या जागेत एकेक शब्द बसवीत ते म्हणाले, "अक्का. दम लागतो. लहानपणापासून. गेला नव्हता."

"गेला नव्हता?"

"नाही."

"मग उंचीची भीती?"

"नाही... कधीच."

अंबूबाईंचे रडणे आयुष्यभर टाळत आलेल्या भावाला वाटले, आता ते येणार. आला तो राग. "मेल्या, एवढी वर्षं मला फसवलंस? चढावर माझ्या मागे राहून भाव विचारत होतास, आणि मी तुला कंजूस म्हणत होते! भित्रा म्हणत होते! माझ्या तोंडून हे वदवून घेतलंस तू!"

"रडायचीस," ते म्हणाले.

"रडले असते! त्यात काय? माझं रडणं होतं, मी रडले असते!" आणि मग त्या खरोखरच रडू लागल्या, पण कोठीच्या खोलीत गेल्या नाहीत. भावाशेजारी त्याच पायरीवर दाटीने बसल्या आणि पदराने त्याच्या कपाळाचा घाम पुसू लागल्या.

वरून कृष्णाजीशास्त्री कठड्यावर वाकले. "अंबूबाई, मुहूर्त सरत चाललाय! वधू कुठे अडली?"

जिन्यातली सगळी माणसे वर पाहू लागली. योगीराज वराजवळ उभे होते, ते धावत कठड्याशी आले. अद्वैतची आईही आली. वधूचा मामा वाटेत बसला, ही गोष्ट या घरात पूर्वी घडली नव्हती. तिला शकुन म्हणावे की अपशकुन, हे कोणालाच माहीत नव्हते. कोणीतरी दबक्या आवाजात म्हणाले, "विश्वासरावांकडे द्या आणि उरका." धनलक्ष्मी मामाच्या मांडीवरून म्हणाली, "मी उठणार नाही."

अंबूबाईंनी डोळे पुसले आणि वर पाहून मोठ्याने विचारले, "शास्त्रीबुवा, तुम्ही सांगा. माझ्या भावाला श्वास घ्यायला वेळ लागतोय. तोवर तो इथे बसला तर चालेल का नाही?"

शास्त्रींनी पंचांग पाहिले नाही, घड्याळाकडे मात्र पाहिले. मग विचारले, "पावलं भुईला लागलीत का?"

"माझ्या हातात आहेत," विश्वासराव खालून म्हणाले. गुडघे दुखत असूनही ते हलले नव्हते.

"मग वधू मामाच्याच स्वाधीन आहे. मामा बसून आहे की चालत, हे कुणी विचारलेलं नाही." शास्त्रींनी उपरण्याने कपाळ टिपले. "मुहूर्ताला अजून थोडी जागा आहे, फार नाही. त्यांचा श्वास येईपर्यंत अंतरपाट धरणार नाही. पण बिंदुमाधवा, बाबा, ये."

मग सर्वजण थांबले. लग्नघरात एवढी माणसे एवढा वेळ गप्प राहिलेली क्वचितच पाहायला मिळतात. खाली पंगतीची पाने मांडणारेही जिन्याच्या तोंडाशी येऊन उभे राहिले. फुंकर लांबत गेली. तिच्यातला कंप कमी झाला. ओठांचा निळसरपणा उतरला, मग गालांवरचा. बिंदुमाधवरावांनी घाई केली नाही. शास्त्रींनी दुसऱ्यांदा घड्याळ पाहिले तरी केली नाही, योगीराजांनी हात जोडले तरी केली नाही. आपल्याला किती हवे ते त्यांना ठाऊक होते, आणि पहिल्यांदाच ते तेवढे सर्वांच्या समोर घेत होते. शेवटी त्यांनी विश्वासरावांकडे पाहून मान हलवली.

"नक्की?" विश्वासराव म्हणाले.

"सावकाश."

"सावकाश तर सावकाश. मी मागे आहे." बिंदुमाधवरावांनी भाचीला पुन्हा हातांवर वर घेतले तेव्हा विश्वासरावांनी तिची पावले हलकेच सोडली, भावाच्या काखेखाली हात देऊन त्याला उभे केले आणि मग हात काढून घेतले. उरलेल्या पायऱ्यांवर बिंदुमाधवराव प्रत्येक पायरीला थांबले. मागच्या कोणीही रेटले नाही. अंबूबाई शेजारून चालत होत्या. भाऊ थांबला की त्याही थांबत. वर पोचल्यावर बिंदुमाधवरावांनी भाचीला पाटावर उभे केले, अंतरपाट धरला गेला, आणि शास्त्रींनी मुहूर्ताच्या अखेरच्या टोकाला अष्टके म्हणायला घेतली. पहिल्या कडव्याचे स्वर थोडे घाईचे होते.

त्यानंतर बिंदुमाधवरावांच्या वहाणेचा अंगठा पुन्हा कधी निसटला नाही. चढावर ते उघड उभे राहत. त्या वर्षीच्या कार्तिकात अंबूबाईंनी त्यांना शेंगांच्या जत्रेला नेले. जिथे आई धावली होती त्या चढावर ते मध्येच थांबले, आणि अंबूबाई त्यांच्या शेजारी शेंगा सोलत उभ्या राहिल्या. ओळखीचे कोणी विचारी, "काय अण्णा, इथे उभे?" तेव्हा त्याच उत्तर देत, "श्वास घेतोय. तुम्ही व्हा पुढे."

पुढे १९९९ च्या थंडीत त्यांना न्यूमोनिया झाला. ज्याला रोजच्या श्वासातच शिल्लक नव्हती, त्याच्यापाशी या दुखण्याला द्यायला काही नव्हते. रुग्णालयात त्यांनी डॉक्टरांना आपली सगळी कहाणी स्वतः सांगितली, जन्माच्या महिन्यापासून. विश्वासराव उशाशी बसून असत. थट्टा करीत नसत, फार बोलतही नसत. काही दिवसांत बिंदुमाधवराव गेले.

मागे त्यांचे काही फारसे नव्हते. आराखड्यांवर त्यांची सही नसे. ती साहेबांची असे. राजाजीनगरचे घर भाड्याचे होते.

त्या कुटुंबात आता लग्न असले की गौरीहरापासून मांडवापर्यंतच्या वाटेवर, मध्यावर, एक चौरंग मांडतात. वाट सपाट असली तरी मांडतात. मामा वधूला घेऊन तिथे बसतो, दुसरा मामा तिची पावले हातांवर धरतो, वाद्ये थांबतात. मामा स्वतः उठेपर्यंत त्याला कोणी ऊठ म्हणत नाही.